बंद कालव्यापासून बंद वक्रापर्यंत : अक्षय्य क्षेत्रांतील रेषा-समाकलाचा इतिहास

प्रस्तावना

सदिश क्षेत्राचा एखाद्या वक्रावरील रेषा-समाकल काढणे हा पदवी अभ्यासक्रमातील गणित व भौतिकशास्त्र या दोन्ही विषयांचा परिचित भाग आहे. सामान्यतः हे काम कष्टाचे असते. वक्राचे प्राचलिक समीकरण मांडावे लागते, क्षेत्राचे घटक त्यात घालावे लागतात आणि मग समाकलन करावे लागते. परंतु क्षेत्र अक्षय्य असेल, म्हणजे महाविद्यालयीन वर्गात ज्याला 'कॉन्झर्वेटिव्ह' म्हटले जाते त्या प्रकारचे असेल, तर हा सारा खटाटोप टळतो. एक विभव-फलन शोधावयाचे, वक्राच्या अंतिम बिंदूवरील त्याच्या किमतीतून आरंभीच्या बिंदूवरील किंमत वजा करावयाची, की उत्तर हाती येते.

एक साधे उदाहरण घेता येईल. प्रतलावरील क्षेत्राचा पहिला घटक 'क्ष' व 'य' यांच्या गुणाकाराच्या दुप्पट आहे आणि दुसरा घटक 'क्ष'चा वर्ग आहे, असे समजू. आरंभबिंदूपासून (१, २) या बिंदूपर्यंत सरळ रेषेने गेल्यास समाकलाची किंमत २ येते. त्याच दोन बिंदूंना जोडणाऱ्या अन्वस्ताने गेल्यासही ती २ येते. 'क्ष'चा वर्ग गुणिले 'य' हे येथील विभव-फलन असून त्याची (१, २) येथील किंमत २ व आरंभबिंदूवरील किंमत शून्य आहे. मार्ग कोणता, हा प्रश्नच उरत नाही.

क्षेत्र अक्षय्य आहे किंवा नाही हे ओळखण्याची कसोटीही तितकीच सोपी सांगितली जाते. पहिल्या घटकाचा 'य'सापेक्ष आंशिक अवकलज आणि दुसऱ्या घटकाचा 'क्ष'सापेक्ष आंशिक अवकलज समान असले की झाले. ही कसोटी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. तिच्यासोबत एक अट आहे. पाठ्यपुस्तकात ती बहुधा एका अर्ध्या वाक्यात उरकली जाते व उत्तरपत्रिकेत क्वचितच आढळते. ज्या प्रदेशात क्षेत्र दिलेले आहे त्या प्रदेशाला भोक नसावे, ही ती अट होय. कसोटी जेथे जन्मली तेथे ही अट शब्दांत मांडण्याची गरजच नव्हती, कारण ती प्रश्नाच्या वस्तुस्थितीतच सामावलेली होती. गरज नसल्यामुळे ती लिहिली गेली नाही, आणि लिहिली न गेल्यामुळे पुढे ती हरवली. तिचा पुन्हा शोध लागण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला. हा प्रवास प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

पृथ्वीचा आकार आणि पाण्याचे कालवे

पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे की लांबट, हा अठराव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांतील मोठा वादविषय होता. न्यूटनने १६८७ च्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथात ती चपटी असल्याचे प्रतिपादन केले होते. फ्रान्समधील कासिनी घराण्याच्या मोजण्यांवरून मात्र ती लांबट असावी असा निष्कर्ष निघत होता. वाद मिटविण्यासाठी पॅरिसच्या विज्ञान अकादमीने दोन मोहिमा काढल्या. १७३५ मध्ये एक विषुववृत्ताकडे, आजच्या इक्वेडोरच्या प्रदेशात गेली, तर १७३६ मध्ये दुसरी मोपेर्त्युई यांच्या नेतृत्वाखाली लॅपलँडमध्ये गेली. दुसऱ्या मोहिमेत आलेक्सी क्लेरो हा तेवीस वर्षांचा गणितज्ञ होता. गोठलेल्या तोर्निओ नदीच्या बर्फावर आधाररेषा मोजण्यात आली. एका अंशाच्या कंसाची लांबी तेथे सुमारे ५७,४३८ त्वाझ भरली. त्वाझ हे सुमारे १.९५ मीटरचे जुने फ्रेंच माप होय. पॅरिसजवळ पिकार याने पूर्वी केलेल्या मोजणीत तीच लांबी ५७,०६० त्वाझ आली होती. उत्तरेकडे अंशाची लांबी वाढते, म्हणजे पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे, हे ठरले. (लॅपलँडची ही मोजणी सुमारे दोनशे त्वाझने जास्त होती, हे १८०१ ते १८०३ या काळातील स्वीडिश मोजणीनंतर दिसून आले. निष्कर्ष मात्र बरोबरच होता.)

मोजणीने आकार कळला तरी त्याचे कारण सांगणे शिल्लक होते. पृथ्वी मूलतः द्रवरूप होती असे मानून तिच्या समतोलाचा विचार करण्याची प्रथा होती. त्यासाठी दोन तत्त्वे प्रचलित होती. हायगेन्झच्या मते द्रवाचा पृष्ठभाग सर्वत्र ओळंब्याशी काटकोनात असला पाहिजे. न्यूटनने ध्रुवापासून केंद्रापर्यंत व तेथून विषुववृत्तापर्यंत जाणारा पाण्याचा कालवा कल्पिला होता. त्याच्या दोन शाखांचा भार समान असला पाहिजे, या विचारातून त्याने ध्रुवीय व विषुववृत्तीय व्यासांचे २२९ ला २३० हे गुणोत्तर काढले. १७३४ मध्ये बुगेर याने एक अडचण दाखविली. गुरुत्वाचे काही नियम असे कल्पिता येतात, की ही दोन तत्त्वे पृष्ठभागाचे दोन वेगवेगळे आकार देतात. मग अशा द्रवाचा समतोल कसा व्हावा ?

क्लेरोने १७४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पृथ्वीच्या आकाराविषयीच्या ग्रंथात या प्रश्नाचे उत्तर दिले. न्यूटनचा कालवा दोन सरळ शाखांचा होता. क्लेरोने तो हवा तसा वाकविला. समतोलात असलेल्या द्रवगोलाचा एक अरुंद, कोणत्याही आकाराचा कालवा सोडून उरलेला सारा भाग गोठला आहे, अशी कल्पना त्याने केली. गोठल्यामुळे समतोल बिघडत नाही, म्हणून कालव्यातील पाणीही स्थिर राहिले पाहिजे. आता कालव्याची दोन टोके तीच ठेवून त्याचा मार्ग बदलला तर काय होईल ? दोन मार्गांनी मिळून एक बंद कालवा तयार होतो. एका मार्गावरील एकूण जोर दुसऱ्यापेक्षा अधिक असेल तर बंद कालव्यातील पाणी एकाच दिशेने फिरू लागेल आणि फिरतच राहील. समतोलात हे अशक्य आहे. म्हणून कालव्यातील एकूण जोर केवळ टोकांवर अवलंबून असला पाहिजे, मार्गावर नव्हे.

हा 'एकूण जोर' म्हणजेच आजचा रेषा-समाकल होय. क्लेरोपाशी तो शब्द नव्हता, सदिश नव्हते, क्षेत्र ही संकल्पनाही नव्हती. परंतु मार्गनिरपेक्षता आणि बंद वक्रावरील समाकलाचे शून्यत्व ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत, हे त्याने पाण्याच्या साहाय्याने निःसंदिग्धपणे मांडले. आज वर्गात हेच विधान सिद्ध करताना दोन मार्ग जोडून बंद वक्र केला जातो, तेव्हा नकळत क्लेरोचाच कालवा फळ्यावर काढला जातो.

कसोटीचा जन्म आणि तिची उणीव

कालव्याच्या तत्त्वाला गणिती रूप देण्याचे साधन क्लेरोने आधीच तयार केले होते. १७३९ व १७४० मध्ये अकादमीपुढे वाचलेल्या निबंधांत त्याने एक प्रश्न हाताळला होता. दोन चलांतील एखादी अवकल राशी कोणत्यातरी एका फलनाचे पूर्ण अवकल केव्हा असते, हा तो प्रश्न होय. दोन आंशिक अवकलजांची समानता हे त्याचे उत्तर. निकोलस बर्नुली, ऑयलर आणि फोंतेन हेही स्वतंत्रपणे या अटीपर्यंत पोहोचले होते, त्यामुळे अग्रहक्काचा वाद येथे फारसा फलदायी नाही. महत्त्वाची गोष्ट अशी, की क्लेरोने ही अट बलांच्या घटकांना लावली. त्यामुळे बलाचे कोणते नियम द्रवाला समतोल देऊ शकतात आणि कोणते देऊच शकत नाहीत, हे आकाराचा विचार न करताही सांगता येऊ लागले. बुगेरच्या अडचणीचे मूळही येथेच सापडले. त्याने कल्पिलेले नियम ही अट पाळणारे नव्हते.

अटीची सिद्धता तपासण्याजोगी आहे. पहिल्या घटकाचे 'क्ष'सापेक्ष समाकलन करताना 'य' स्थिर ठेवला जातो. मग केवळ 'य'वर अवलंबून असलेले एक अनिश्चित फलन मिळविले जाते व दुसऱ्या घटकावरून ते ठरविले जाते. आजही विद्यार्थी विभव-फलन असेच काढतात. यात एक गृहीत दडलेले आहे. एका ठरावीक बिंदूपासून प्रदेशातील कोणत्याही बिंदूपर्यंत आधी आडव्या व मग उभ्या रेषेने जाता यावे, आणि वाटेत क्षेत्र कोठेही नाहीसे होऊ नये. क्लेरोच्या प्रश्नात हे गृहीत खरेच होते, कारण त्याचे कालवे भरीव द्रवगोलातून जात होते. गोलात भोक नव्हते. त्यामुळे येथे क्लेरोची चूक झाली, असे म्हणणे योग्य ठरणार नाही. चूक पुढे झाली. कालवे मागे राहिले आणि केवळ अवकलजांची समानता सूत्र म्हणून पुस्तकांतून फिरू लागली.

दालांबेर याने १७६८ मध्ये या सूत्राविरुद्ध जाणारे उदाहरण दिले. पहिला घटक ऋण 'य' भागिले 'क्ष' व 'य' यांच्या वर्गांची बेरीज, आणि दुसरा घटक 'क्ष' भागिले तीच बेरीज. दोन्ही आंशिक अवकलज तंतोतंत समान येतात. तरीही (१, ०) पासून (−१, ०) पर्यंत वरच्या अर्धवर्तुळाने गेल्यास समाकल 'पाय' येतो, आणि खालच्या अर्धवर्तुळाने गेल्यास ऋण 'पाय'. आरंभबिंदूभोवती पूर्ण फेरी मारल्यास तो शून्य न येता २ 'पाय' येतो. कारण उघड आहे. ही राशी म्हणजे कोनातील बदल होय, आणि आरंभबिंदूभोवती फेरी मारून परत आल्यावर दिशा तीच असली तरी कोन एका आवर्तनाने वाढलेला असतो. क्षेत्र आरंभबिंदूवर अस्तित्वात नाही. प्रतलाला तेथे एक भोक पडले आहे, आणि ते एकच भोक कसोटी निष्फळ करण्यास पुरेसे आहे.

आश्चर्य याचे वाटते, की एवढे बोलके उदाहरण हाती असूनही त्यातून त्या काळी कोणताही सिद्धांत निघाला नाही. अपवाद म्हणून त्याची नोंद झाली आणि विषय पुढे सरकला. अठराव्या शतकातील विश्लेषक सूत्राकडे पाहत, प्रदेशाकडे नव्हे, हे त्यामागील कारण असावे.

विभवाचे नाव

पुढील टप्पा येथे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे, कारण तो सर्वपरिचित आहे. लाग्रांझने १७७० च्या दशकात गुरुत्वबलाचे घटक एकाच फलनाच्या आंशिक अवकलजांच्या रूपात लिहिले. लाप्लासने त्याच फलनाचे समीकरण मांडले. त्याला 'विभव-फलन' या अर्थाचे नाव देण्याचे श्रेय जॉर्ज ग्रीन याच्याकडे जाते. नॉटिंगहॅमजवळील स्नेंटन येथे वडिलांच्या पवनचक्कीवर काम करणाऱ्या आणि जेमतेम वर्ष-दीड वर्ष शाळा पाहिलेल्या या माणसाने १८२८ मध्ये वर्गणीदार जमवून आपला निबंध छापला. वर्गणीदार पन्नासच्या आसपास होते, आणि त्यांपैकी कितीजणांना तो समजला असेल याविषयी शंकाच आहे. ग्रीन १८४१ मध्ये निवर्तला. १८४५ च्या जानेवारीत विल्यम टॉमसन, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिन, याच्या हाती निबंधाची प्रत आली. त्याने ती पॅरिसला नेली, आणि त्यानंतरच युरोपला ग्रीनची ओळख झाली. प्रतलातील ज्या सिद्धांताला आज ग्रीनचे नाव दिले जाते तो त्या रूपात ग्रीनच्या निबंधात नाही. तो कोशी याने १८४६ मध्ये सिद्धतेविना मांडला आणि रीमानने १८५१ मध्ये सिद्ध केला. स्टोक्सच्या सिद्धांताचीही हीच कथा आहे. तो टॉमसनने १८५० मधील पत्रात स्टोक्सला कळविला आणि स्टोक्सने १८५४ मध्ये केंब्रिजच्या स्मिथ पारितोषिक परीक्षेत प्रश्न म्हणून घातला. त्या परीक्षेला बसलेल्यांत मॅक्सवेल होता.

हेल्महोल्ट्झ याने १८४७ च्या प्रसिद्ध निबंधात ऊर्जेच्या अक्षय्यतेची मांडणी करताना निरंतर गतियंत्राच्या अशक्यतेपासून आरंभ केला. एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाताना एका मार्गाने अधिक कार्य मिळत असेल, तर त्या मार्गाने जावे व दुसऱ्याने परत यावे. प्रत्येक फेरीत फुकटचे कार्य मिळत राहील. हे घडत नाही, म्हणून कार्य मार्गनिरपेक्ष असले पाहिजे. एकशे चार वर्षांपूर्वी क्लेरोच्या बंद कालव्यात हाच युक्तिवाद पाणी फिरवीत होता. 'अक्षय्य' या विशेषणाचा अर्थ हा असा आहे. क्षेत्राच्या सूत्रात तो दिसत नाही, फेरीत दिसतो.

उंची मार्गावर अवलंबून असते

पृथ्वीच्या प्रश्नातून निघालेली ही कल्पना पृथ्वीच्याच मोजणीत आजही उपयोगी पडते. स्थापत्य विभागातील विद्यार्थी डंपी लेव्हल व स्टाफ घेऊन लेव्हलिंग करतात, तेव्हा फेरी पूर्ण करून आरंभस्थानी परतल्यावर उंचीच्या फरकांची बेरीज शून्य यावी अशी अपेक्षा असते. लहान आवारात ती रास्त आहे. परंतु मोठ्या अंतरावर, मोजणीत तिळमात्र चूक नसली तरी, ही बेरीज शून्य येत नाही.

याचे कारण क्लेरोच्याच अभ्यासविषयात आहे. गुरुत्वत्वरण विषुववृत्तावर समुद्रसपाटीला सुमारे ९.७८० मीटर प्रतिसेकंदवर्ग, तर ध्रुवावर सुमारे ९.८३२ आहे. त्यामुळे समान विभवाचे पृष्ठ एकमेकांना समांतर नसतात. समुद्रसपाटीवरून विषुववृत्तापाशी १००० मीटर चढून, तेथून समपातळीतच ध्रुवापर्यंत जाऊन खाली उतरावे, असे कल्पिल्यास उतरताना सुमारे ९९५ मीटरच भरतील. पाच मीटरांचा फरक पडेल. लेव्हलिंगमध्ये मोजली जाणारी उंचीची वाढ हे पूर्ण अवकल नाही. तिला प्रत्येक ठिकाणच्या गुरुत्वत्वरणाने गुणले की ती पूर्ण अवकल होते व बेरीज मार्गनिरपेक्ष बनते. म्हणूनच भूगणितात अचूक कामासाठी केवळ मीटरातील उंचीऐवजी विभवातील फरक मूळ राशी म्हणून घेतला जातो. गुरुत्वत्वरण येथे समाकलन-गुणकाचे काम करते. उष्मागतिकीत तेच काम निरपेक्ष तापमानाचा व्यस्तांक करतो. उष्णता मार्गावर अवलंबून असते. तिला तापमानाने भागून १८६५ मध्ये क्लॉसियसने ज्या राशीला एन्ट्रॉपी हे नाव दिले ती मात्र मार्गावर अवलंबून नसते.

तारेभोवतीची फेरी

दालांबेरचे उदाहरण कागदावरून उठून प्रयोगशाळेत आले ते १८२० मध्ये. विद्युत्-प्रवाहामुळे चुंबकसूची वळते, हे त्या वर्षी अर्स्टेड याने जाहीर केले. लांब सरळ तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र तारेपासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते, हे बियो व साव्हार यांनी त्याच वर्षी दाखविले. तारेला लंब असलेल्या प्रतलात हे क्षेत्र लिहिले तर ते, एक स्थिरांक सोडल्यास, तेच १७६८ मधील क्षेत्र आहे. आरंभबिंदूवरील भोक आता कल्पनेतील नव्हते. तेथे तांब्याची तार होती.

१८२१ च्या सप्टेंबरात फॅरडेने पाऱ्याच्या पात्रात तारेभोवती चुंबकाचा ध्रुव अखंड फिरता ठेवला. क्लेरोने अशक्य म्हणून बाजूला ठेवलेली बंद फेरी डोळ्यांसमोर फिरू लागली. ऊर्जेचा खर्च बॅटरी सोसत होती, म्हणून हेल्महोल्ट्झच्या तत्त्वाला बाध येत नाही. परंतु केवळ अवकलज तपासून 'हे क्षेत्र अक्षय्य आहे' असे म्हणणाऱ्याला मात्र या पात्रापुढे गप्प बसावे लागते. तारेबाहेर प्रत्येक बिंदूपाशी कसोटी पूर्ण होते, तरीही फेरीत कार्य मिळते.

या घटनेचा गणिती अर्थ लागण्यास आणखी तीस-चाळीस वर्षे लागली. रीमानने १८५१ च्या प्रबंधात प्रदेशाची 'संलग्नता' ही संकल्पना मांडली. भोके असलेल्या प्रदेशात किती छेद घेतले म्हणजे तो एकसंध व भोकरहित होईल, हे मोजण्याची ती रीत होती. हेल्महोल्ट्झने १८५८ मध्ये द्रवातील भोवऱ्यांचा अभ्यास करताना तिचा उपयोग केला. अशा प्रदेशात विभव-फलन एकमूल्यी राहत नाही, प्रत्येक फेरीगणिक त्यात ठरावीक भर पडते, हे त्याने स्पष्ट केले. टॉमसनने पुढील दशकात हाच विचार विस्ताराने मांडला. मॅक्सवेलने १८७३ च्या ग्रंथात प्रवाहवाही तारेभोवतीच्या चुंबकीय विभवाला तो लागू केला. क्लेरोने ज्या पाण्यावर विचार केला, त्याच पाण्याच्या भोवऱ्यांनी हरवलेली अट परत आणून दिली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

अटीचे पूर्ण स्वरूप असे आहे. प्रतलातील प्रदेशाला एकही भोक नसेल तर अवकलजांची समानता पुरेशी असते. एक भोक असेल तर त्याभोवतीच्या एका फेरीचा समाकल स्वतंत्रपणे तपासावा लागतो. तीन भोके असतील तर असे तीन समाकल तपासावे लागतात, आणि ते सर्व शून्य आले तरच विभव-फलन मिळते. शून्य न आल्यास मूळ क्षेत्रातून दालांबेरच्या क्षेत्राची, त्या त्या भोकावर बसविलेली, योग्य पटीतील प्रतिकृती वजा करता येते. राहिलेले क्षेत्र अक्षय्य असते. म्हणजे १७६८ चे ते उदाहरण अपवाद नव्हते. कसोटीच्या सर्व अपयशांचा तो एकमेव घटक होता. उच्च मितींतही अपयशांची गणना प्रदेशाच्या आकारावरूनच होते, हे द राम याने १९३१ मध्ये सिद्ध केले.

विसाव्या शतकात हाच प्रश्न पुंजभौतिकीत उद्भवला. अहारोनोव्ह व बोम यांनी १९५९ मध्ये असे भाकीत केले, की ज्या प्रदेशात चुंबकीय क्षेत्र पूर्णतः शून्य आहे अशा प्रदेशातून, पण चुंबकीय स्रोताच्या दोन बाजूंनी, गेलेल्या इलेक्ट्रॉन-तरंगांच्या कलांत फरक पडेल. सरळ व लांब स्रोताबाहेरचे सदिश विभव, योग्य निवड केल्यास, पुन्हा तेच दालांबेरचे क्षेत्र असते, आणि कलांतर म्हणजे बंद फेरीवरील त्याचा रेषा-समाकल होय. अनेकांना हे भाकीत पटले नाही. चुंबकीय क्षेत्र थोडेफार बाहेर झिरपत असेल, असा आक्षेप दीर्घकाळ घेतला गेला. १९८६ मध्ये जपानमधील हिताची प्रयोगशाळेत तोनोमुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सूक्ष्म कंकणाकृती चुंबक अतिसंवाहक नायोबियमच्या थरात पूर्ण मढविला, जेणेकरून क्षेत्र बाहेर झिरपू नये. इलेक्ट्रॉनांचा एक शलाका-भाग कंकणाच्या भोकातून गेला व दुसरा बाहेरून. अतिसंवाहकातील प्रवाहाच्या पुंजीकरणामुळे कलांतराच्या दोनच किमती शक्य होत्या, शून्य किंवा 'पाय'. त्यांना काही कंकणांत शून्य मिळाले, आणि काही कंकणांत 'पाय'.